जागं राहायचं बटण

“कुणाची हरकत?” अध्यक्षांनी विचारलं आणि टेबलाभोवती नजर फिरवली. कुणी चहा ढवळत होतं, कुणी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं होतं. चाकाच्या खुर्चीतल्या मुनीचा गाल हलला.

मुनी हे नाव मित्रांनीच ठेवलेलं. आजारात आधी हात गेले, मग जीभ गेली, तेव्हा. उरला एक गाल. मशीनवर अक्षरं एकेक करून उजळत जायची. हवं ते आलं की मुनी गाल उडवायचा आणि ते उमटायचं. आज त्याचं मशीन भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडलं होतं. पडद्यावर ‘ह’ उमटला.

विषय साधा होता, निदान अध्यक्षांच्या मते. शेकडो लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही फुकट घ्यावी अशी या मंडळींची संगणक-प्रणाली. तिला आता वीजबचतीचं प्रमाणपत्र हवं होतं, नाहीतर सरकारी कचेऱ्या तिला दारात उभं करणार नव्हत्या. अट अशी, की कळफलकाला थोडा वेळ हात लागला नाही तर मशीनने झोपायचं. आणि ‘झोपू नकोस’ असं त्याला सांगायचं बटण काढूनच टाकायचं. मशीनला झोपायला मुनीनेच शिकवलं होतं. ते बटणही त्यानेच ठेवलं होतं.

‘हर’ झालं. ‘हरक’ झालं. मग पडदा काळा पडला. नवी आवृत्ती चाचणी म्हणून सकाळीच सगळ्यांच्या मशीनवर चढवली होती, आणि गाल म्हणजे काही कळफलक नव्हे.

“नाही ना कुणाची? मग होकार धरला,” अध्यक्ष म्हणाले. कुणी बोललं नाही की होकार धरायचा, हा या मंडळींचा जुना शिरस्ता.

“तो बोलतोय,” शेजारी बसलेली मुनीची बायको म्हणाली.

“वहिनी, पडदा बंद आहे.”

“तेच तर सांगतेय. मी दिवसभर कामावर. घरात तो आणि ते मशीन. ते झोपलं की उठवणार कोण? मी येईपर्यंत घसा कोरडा पडला तरी पाणी मागायची सोय नाही.”

अध्यक्ष ओशाळले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. “त्याच्यापुरती वेगळी आवृत्ती करून देऊ की. घरचाच आहे. बरं, त्याला काय म्हणायचंय ते तुम्हीच सांगून टाका ना.”

“मला काय ठाऊक? लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याच्या मनातलं ओळखायला जाते आणि दर वेळी तोंडघशी पडते. त्यालाच विचारा.”

तिने सवयीने कळफलकाकडे हात नेला. मुनीने डोळे वटारले. एवढं मात्र तिला बरोबर कळलं. तिने हात मागे घेतला आणि हाताची घडी घालून बसली.

“भावोजी, तुम्ही या. नियम तुमचा आहे, कळ तुम्ही दाबा.”

अध्यक्ष उठले, लांबलचक टेबलाला वळसा घालून आले आणि कळ दाबली. पडदा उजळला. ‘हरकत’ पूर्ण झालं. ‘आहे’ होता होता पुन्हा अंधार. पुन्हा कळ. चहा गार झाला. कुणीतरी उठायच्या बेताने खुर्ची मागे सरकवली. बायकोने नुसतं तिकडे पाहिलं, खुर्ची परत जागेवर आली. अध्यक्ष एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत उभेच होते.

‘हरकत आहे. वेगळी नको. माझ्यासारखे आणखी आहेत, ते तुमच्या घरचे नाहीत. बटण सगळ्यांसाठी राहील.’

“आणि प्रमाणपत्र?” टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी विचारलं.

“होकार मागे घेतला. बटण राहील,” एवढंच अध्यक्ष म्हणाले आणि कपाळ पुसत आपल्या खुर्चीकडे निघाले.

मुनीचा गाल हलला. अध्यक्ष वाटेतच थबकले, वळून आले. पडदा पुन्हा पुन्हा विझला, पुन्हा पुन्हा त्यांनी तो उजळला.

‘उठलाच आहात तर उभेच राहा. मी अजून बोलतोय.’

अध्यक्षांनी कळेवर बोट ठेवलं आणि मुनीच्या गालाकडे पाहत उभे राहिले.