अस्वलाची चरबी

अल्माटीच्या इस्पितळात शरीपाच्या पोटातली गाठ सापडल्यापासून तिची नणंद कुल्याश रोज सकाळी वहिनीचं नाक दाबून अस्वलाची चरबी पाजत होती. "प्या वहिनी, अंगातल्या पहारेकरी पेशी तगड्या व्हायला हव्यात!" शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद वाचला. "पहारेकरी पेशी भरपूर आहेत, पण त्यातल्या बऱ्याच गाठीला फितूर झाल्यात. तिला मारायचं सोडून वाढवतायत. त्यांना परत आपल्या बाजूला वळवायचं औषध देऊ." कुल्याशचा चेहरा उतरला. "म्हणजे मी शत्रूला पोसत होते?" चरबीचा यात काही संबंध नाही, हे सांगायला डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात शरीपाने टेबलाखालून आपल्या पायाने त्यांचा पाय दाबला. कुल्याशने बरणी पिशवीत कोंबली. "आजपासून चरबी बंद! मटण बंद, शेवया बंद, उपाशीच मारते मेल्यांना!" शरीपाने घाईघाईने पाय उचलला. "डॉक्टर, खरं काय ते सांगा हिला!"