शनिवारची माफी

"चुकलं माझं, ताई," मी उंबऱ्यातूनच म्हणाले. थोरल्या जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन ना? मन साफ केल्याशिवाय प्रभूची भाकर कशी घेशील! दर महिन्याला शनिवारी माफी मागतेस आणि सोमवारी दोरीवरून परत भांडतेस."

खरंच होतं ते. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी एकच. माझ्या बाजूला त्यांचं साधं फडकं आलं तरी माझं डोकं फिरायचं. रविवारी सगळे भाकर घ्यायला पुढे गेले, मी बाकावरच बसून राहिले.

मंगळवारी त्यांची हिरवी साडी वाऱ्यानं मातीत पडलेली दिसली. एरवी मी वळूनही पाहिलं नसतं. ती उचलली, नळाखाली खळबळून पिळली आणि माझे कपडे सरकवून माझ्याच बाजूच्या उन्हात घातली.

ताई दारात उभ्या होत्या. "आज शनिवार आहे का गं?"

"नाही, मंगळवार."

त्या पदर खोचून आल्या आणि साडीचं दुसरं टोक धरलं.

"चिमटा लाव, नाहीतर परत उडेल."