नऊ फूट तीन इंच

“तुझा अनुभव किती, बाई?” क्रीडा मंडळाचे अध्यक्ष शेषेराव यांनी विचारलं.

“काहीच न्हाई,” सदफ म्हणाली. “टेप आणलीय.”

औशाच्या बास्केटबॉल मैदानावर मांडलेल्या खुर्च्यांत हशा पिकला. मुलींच्या संघाला मुख्य प्रशिक्षक नेमायचा होता आणि उमेदवार दोनच. एक ही, याच मैदानावर सरांकडं खेळून पुढं पुण्याहून प्रशिक्षणाचा दाखला घेऊन आलेली चोवीस वर्षांची पोर. दुसरे जिलानी सर, अठ्ठावीस वर्षं हे पद सांभाळणारे. सरांची शिट्टी वाजली की स्टँडवरची एसटीसुद्धा ब्रेक मारते, असं गाव सांगायचं, आणि ड्रायव्हर लोक नाही म्हणायचे नाहीत.

सर पाय लांबवून बसले होते. हे पद गेलं तर रोज पहाटे उठायचं कशाला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण तसं ते कुणाला दिसू देणारे नव्हते.

“सर, घरच्या मैदानावर तुमच्या पोरी आभाळ पाडतात,” शेषेराव म्हणाले. “नांदेडला स्पर्धेला गेल्या की गारठतात. अठ्ठावीस वर्षांत एक कप न्हाई. म्हणून म्हणलं, नवं माणूस बघावं.”

“नांदेडला काळीज लागतं, साहेब. ते काय शिकवून येतंय?”

सदफ तोवर उंच स्टुलावर चढली होती. तिनं टेपचं टोक रिंगला अडकवलं, पट्टी खाली सोडली, उतरून उकिडवी बसली आणि आकडा वाचला. पुन्हा वाचला. तिचा चेहरा उतरला.

“नऊ फूट तीन इंच.”

“हाय की मग,” शेषेराव म्हणाले.

“दहा पाहिजे, काका. सगळ्या जगात दहा.”

सर ताडकन उठले. त्यांनी स्वतः मोजलं. चष्मा पुसून मोजलं. आकडा हलेना.

“खांब खचला असंल,” शेषेराव पुटपुटले.

सदफनं खांबाच्या बुडाशी टाचेनं उकरलं. लाल मुरुमाचा एक थर निघाला. त्याखाली दुसरा. त्याखाली तिसरा.

“खांब जागेवरच हाय. जमीन वर आलीय.”

पडल्यावर पोरींचे गुडघे फुटू नयेत म्हणून दर दिवाळीनंतर सर स्वतः उभं राहून मुरूम टाकून घ्यायचे, पाणी मारायचे, रोलर फिरवायचे. एक वर्ष चुकवलं नव्हतं.

सर खांबाला धरून खाली बसले. नांदेडच्या दहा फुटांवर चेंडू दर वेळी रिंगच्या पुढच्या कडेला आपटायचा, आणि सर भर मैदानात ओरडायचे, ‘काळीज न्हाई तुला!’ परत आल्यावर ती पोर संघाबाहेर.

“आता कसं, सर?” शेषेरावांनी विचारलं.

“बानो,” सर म्हणाले. “आरती. उमादेवी. सादिया…”

सर नवा संघ सांगताहेत असं शेषेरावांना वाटलं. त्यांनी पेन काढलं आणि भराभर लिहीत गेले. मग थबकले. “ओ सर, बानो तर दोन लेकरांची आई झाली. उमादेवी लग्न करून उदगीरला गेली. ह्यांना काय खेळवता आता?”

सर थांबले नाहीत. संघाबाहेर काढलेल्या एकेकीचं नाव घेत गेले.

“अकरा झाल्या,” शेषेराव म्हणाले. “संघात बारा लागतात. बारावी?”

सरांनी वर पाहिलं. सदफ टेप हातात धरून उभी होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले.

“बारावीला खेळवू नका, साहेब,” सर म्हणाले. “तिला संघ द्या.”

शेषेरावांचं पेन कागदावर टेकलं, ते तिथंच राहिलं.

सदफनं टेप गुंडाळली.

“सर, सकाळी सहाला या,” ती म्हणाली. “फावडं घेऊन.”