सलोखा : चालू

मेल-सर्व्हरच्या सेटिंग्ज पहिल्यांदाच ज्याच्या त्याच्या हाती आल्या, त्या सकाळी चारुशीलाबाईंनी चहा बाजूला सारून आधी आपल्या उघडल्या. 'सलोखा : चालू. दुरावलेल्या माणसांशी सर्व्हर तुम्हाला त्रास न देता तुमच्या वतीनं पत्रव्यवहार करील.' खाली नऊ वर्षांची पत्रं होती. पहिलंच थोरल्या बहिणीला. 'ताई, तू माफी मागितलीस, विषय संपला. तुझी चारू.'

"संपला? कुणाला विचारून?" बाई कडाडल्या. आईची पेटी ताईनं परस्पर भजनी मंडळाला देऊन टाकली, तेव्हापासून त्यांनी तिचं नाव टाकलं होतं. आणि हा मेला सर्व्हर परस्पर माफ करून मोकळा!

सलोखा बंद करून त्यांनी थेट ताईला फोन लावला. "मी तुला माफ केलेलं नाही. ते पत्र सर्व्हरनं लिहिलंय!"

"कसलं पत्र? आणि माफी मागितलीय कुणी?" ताईचा आवाज नऊ वर्षांनीही तसाच चढा होता. "थांब, माझं उघडून बघते." मग पलीकडून किंचाळणंच ऐकू आलं. "अगं, माझ्या नावानं माफी मागितली मेल्यानं!"

"बंद कर ते आधी." चारुशीलाबाई खुर्ची ओढून बसल्या. "आणि आता तुझ्या तोंडानं सांग, पेटी कुणाला विचारून दिलीस?"