टुकड्यांचं टेबल

विक्रमशेठने माइक हातात घेतला आणि संघपालने मान खाली घातली. पुढचा शब्द न् शब्द त्याला पाठ होता. त्यानेच लिहिला होता.

"आमचे बाबूजी आरा मशीनवर मजूर होते," शेठ वाचू लागले. "मुलाला अभ्यासाला टेबल नव्हतं. बाबूजींनी मशीनखालचे टुकडे वेचले. सागाचे, बाभळीचे, आंब्याचे. ते कापताना उजव्या हाताची दोन बोटं आऱ्याने नेली. बाबूजींनी डाव्या हाताने टेबल पुरं केलं."

लकडगंजातल्या नव्या फर्निचर शोरूमचं उद्घाटन होतं. पुढच्या रांगेत बायका डोळे पुसू लागल्या. हार घातलेल्या फोटोत बाबूजी गालात हसत होते. ते जन्मभर गल्ल्यावर बसले, हे खुद्द शेठनेच संघपालला सांगितलं होतं.

टेबल संघपालचं होतं. बोटं त्याच्या वडिलांची. आणि वडील, गोपाळराव, इस्त्रीचा शर्ट घालून शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

संघपाल पोटासाठी कंपन्यांच्या वेबसाइट लिहायचा आणि जिवासाठी कादंबरी. कादंबरी वडिलांवर होती. इतक्या वर्षांत तिचं एकच प्रकरण धड जमलं होतं, टेबलाचं. शेठने शोरूमच्या वेबसाइटवरची 'आमची कहाणी' दोनदा परत पाठवली. "यात जान नाही, भाऊ. पब्लिक रडली पाहिजे." पब्लिकला रडवायला संघपालजवळ तेवढंच होतं. नावं बदलून त्याने ते देऊन टाकलं. लिहिलेलं सगळं कंपनीचं, असं करारात होतं. त्याने वाचूनच सही केली. कादंबरीत पुन्हा वेगळं लिहू, अशी मनाची समजूत घातली. आता काय कपाळ लिहिणार? लोक म्हणतील, शेठच्या बापाचं उचललं.

वडिलांना तो आणणारच नव्हता. पण म्हातारा हट्टाला पेटला. "तुह्यं सारं लिहिणं इंग्रजीत. आज मराठीत ऐकाले भेटून राहिलं. मी येतोच गा." काहून नको, ते सांगायला संघपालची जीभ उचलली नाही.

टाळ्या वाजल्या. शेठ हात मिळवत मिळवत याच बाजूला येऊ लागले. गोपाळराव ती तुटकी बोटं मिरवायचे. बँकेतली मॅडम असो की ऑटोवाला, हात पुढे करून टेबलाची गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडायचे नाहीत. आता शेठलाही ऐकवणार. मग काम जाईल, अब्रूही जाईल. आणि त्यांना गप्प बसा म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? त्याला वडिलांकडे बघवेना.

"हे वडील काय तुमचे?" शेठने हात पुढे केला. "काका, तुमच्या पोराने आमच्या बाबूजींना जिवंत केलं. तुम्ही काय काम करत होते?"

गोपाळरावांचा उजवा हात पँटच्या खिशात होता. तो तिथेच राहिला. त्यांनी डावा हात छातीशी नेला आणि मान लववली.

"पेंटर होतो जी," ते म्हणाले. "लाकडातलं मले काही समजत नाही."