ढिले आटे

आईच्या शिलाई मशीनवरचं दोऱ्याचा ताण राखणारं बटण तुटलं. मशीन इतकं जुनं, की बटणाच्या आतल्या पेचाचे तसे आटे ना बाजारात मिळाले, ना डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये. "शनिवारी भंगारात देते," आई म्हणाली. हात मात्र मशीनवरच होता. मग आटे मीच आखले. मशीनच्या दांड्यावरचं एकेक माप स्क्रीनवर तंतोतंत उतरवलं, शाळेच्या थ्रीडी प्रिंटरवर बटण छापलं. ते अर्धा वेढाही फिरेना. लेथ चालवणारा मामा हसला. "तंतोतंत काढलंस तिथेच फसलीस, बाईसाहेब. फिरायला जागा नको? थोडे ढिले ठेव." मी आट्यांत केसभर फट ठेवून पुन्हा छापलं. शनिवारी बटण सुळकन चढलं. आईने टीप मारली, कापड उलटून पाहिलं आणि भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवलं. "ताई, हिच्या डोक्याचे आटे ढिले, असं म्हणायचीस ना?" मामाने चिडवलं. "म्हणूनच तर बसले," आई म्हणाली.