तिसरी सुरई

तिसरी सुरई काळी पडली होती.

सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काळीच. स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलेल्या घटपर्णीच्या पानांना टोकाशी तीन सुरया लोंबत होत्या, प्रत्येकीवर इवलंसं झाकण. माशी आत घसरली की आतल्या पाण्यात विरघळायची आणि झाड ती पचवून टाकायचं. लेक पंधरा दिवसांसाठी कामानिमित्त परगावी गेली, तेव्हा आईला विरंगुळा म्हणून तिने हे झाड आणून दिलं होतं. सासूबाईंनी त्याला कामाला लावलं.

शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतलेल्या बाईला प्रयोग कसा करतात ते सांगायला नको. पहिल्या सुरईत माशी. दुसरीत काहीच नाही. तिसरीत जावई रोज सकाळी देतो ती गुलाबी गोळी. मग चार दिवस थांबायचं. आज पहिल्या दोघी हिरव्यागार होत्या आणि तिसरी देठापर्यंत करपली होती.

सासूबाईंची पाचावर धारण बसली.

लेक गेली त्याच आठवड्यात हृदयाची पांढरी गोळी जाऊन गुलाबी आली. डॉक्टरांनी बदलली, असं जावई म्हणाला. पहिल्याच दिवशी पलंगावरून उठताना भिंती फिरल्या. तिसऱ्या दिवशीही फिरल्या, तेव्हा सासूबाई काय समजायचं ते समजल्या. त्यानंतर जावई समोर उभा राहून "आ करा बघू" म्हणायचा, त्या आ करायच्या, आणि गोळी जिभेखाली दडवून मग रुमालात थुंकायच्या. चक्कर थांबली. पण आता पाय सुजून चपलेत मावत नव्हते आणि खोलीतून ओट्यापर्यंत यायचं तर मध्ये खुर्चीवर टेकावं लागत होतं. गोळीविना हे हृदय किती दिवस रेटेल, कोण जाणे. इकडे आड, तिकडे विहीर.

लेकीला सांगावं तर फोन जावयाचाच, आणि तो शेजारी उभा. शेजारणीला सांगावं तर आपलेच दात नि आपलेच ओठ. बरं, भांडखोर असता तरी कळलं असतं. सहा वर्षांत त्याने कधी आवाज चढवला नव्हता. पेपरातलं शब्दकोडं अडलं की तोच शब्द सुचवायचा. असा माणूस विष का देईल, हे सासूबाईंना काही केल्या सुचत नव्हतं, आणि सुचत नव्हतं म्हणूनच जास्त भीती वाटत होती.

"आई, गोळी."

जावई दारात उभा होता. ऑफिसचे कपडे, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळव्यावर गोळी.

"ठेवा तिथं. घेते मग."

"मग नाही, आत्ता. तुमच्या लेकीचा हुकूम आहे." तो हसला. "काल तुमच्या रुमालात एक सापडली मला. आज नीट तपासणार. ही लबाडी चालायची नाही."

सासूबाई मागे सरून खिडकीला टेकल्या.

"जावईबापू, काय आहे हो त्या गोळीत?"

"म्हणजे?"

त्यांनी तिसऱ्या सुरईकडे बोट दाखवलं. जावई जवळ आला, काळ्या सुरईचं झाकण उचलून त्याने आत डोकावलं आणि नाक मुरडलं. तळाशी गुलाबी गाळ होता.

"हिच्यात गोळी टाकलीत? अहो आई! झाडाबरोबर कागद आला होता, त्यात पहिलीच ओळ आहे, माशीबिशी सोडून काही घालू नका. चिमूटभर मीठ टाकलंत तरी सडेल ती."

तो कागद सासूबाईंनी उघडलासुद्धा नव्हता. एकतीस वर्षांच्या अनुभवाला कागद कशाला? पण आता त्यांना वाटलं, हा असंच म्हणणार. पकडला गेलेला माणूस आणखी काय म्हणेल?

जावयाने पहिली सुरई पाहिली, मग दुसरी, मग पुन्हा तिसरी. मग सासूबाईंचा चेहरा पाहिला. त्याचं हसू मावळलं.

"म्हणजे तुम्हाला वाटतंय, मी..."

तो वळून ओट्यापाशी गेला, पेला खाली ठेवला.

"हे बघा," तो म्हणाला आणि गोळी त्याने स्वतःच्या तोंडात टाकली.

ज्या पायांना मध्ये खुर्ची लागत होती, ते पाय ओट्यापाशी कसे पोचले हे सासूबाईंना कळलंही नाही.

"थुंक! थुंक आधी! मेल्या, गिळू नकोस!"

"आई, अहो..."

"आ कर! आ कर म्हणते ना!"

डाव्या हाताने त्यांनी त्याचा जबडा धरला आणि उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या तोंडात घातली. गालाच्या आत पाहिलं, मग जिभेखाली. अर्धी विरघळलेली गोळी त्यांनी खरवडून काढली आणि मोरीत फेकली. त्यांची बोटं गुलाबी झाली होती. जावयाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बोटं पार घशापर्यंत गेली होती, त्यामुळेही असेल.

सासूबाईंना धाप लागली होती, पण त्यांनी त्याचा जबडा सोडला नाही. ओट्यावरचा, त्यांच्यासाठीच आणलेला पेला उचलून त्यांनी त्याच्या ओठांना लावला.

"चूळ भर, बाळा. नीट भर. थेंबभरसुद्धा पोटात जाऊ देऊ नकोस."